ज्याचं ताट त्यानं

उज्जैनमध्ये घर असलं की पाहुण्यांना खंड नसतो. महाकालच्या दर्शनाला निघालेला प्रत्येक नातेवाईक आमच्याकडेच उतरायचा आणि चार दिवस हलायचा नाही. भेरूगढच्या त्या जाड चादरी अंथरता-काढता माझे हात भरून यायचे. ह्यांची रेल्वेची नोकरी संपली, ते खुर्चीत बसले. माझ्या पोळ्या मात्र रिटायर झाल्या नाहीत.

एका गोष्टीने मला तेवढी हुशारी यायची, ती म्हणजे नातवंडांचं कौतुक. सून बँकेत होती. तिने घरात नियमच करून टाकला होता, जेवण झालं की ज्याचं ताट त्यानं उचलायचं आणि आपल्या जागेचं खरकटं पुसायचं. नातू आठ वर्षांचा, नात सहाची. आधी मीच नाक मुरडलं होतं. मुलाच्या हातात फडकं! सुनेने वाद घातला नाही, रोज ते फडकं मात्र त्याच्या हातात देत राहिली. वर्षभरात मी अशी बदलले की पाहुण्यांना देवळाआधी नातवाचं पुसणं दाखवायला लागले.

ते केबल नुकतीच आल्याचे दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून थोरल्या जाऊबाई आणि भावजी आले होते, मुलगा-सून कामावर गेलेले. माझी मुलगी इंदूरहून आली. देवास गेटच्या बसस्टँडपासून रिक्षा करून, घामाघूम. बॅग ठेवली, तोंड धुतलं आणि सरळ पोळ्या लाटायला बसली. लाटायला बस असं कुणी म्हटलं नव्हतं, नको असंही नाही. मीही नाही.

पाहुणे, हे आणि मुलं आधी जेवली. नातवाने टीव्हीवरची नजर न काढता ताट उचललं, मोरीत ठेवलं, जागा पुसली. नातीनेही. ह्यांना नियम लागू नव्हता. त्यांचं ताट मुलीने उचललं.

"बाई गं!" जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या नातवाला पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं."

मी अशी काही फुगले! म्हटलं, "वळण लावावं लागतं. आमच्या घरात मुलगा-मुलगी असला भेद नाही."

मुलगी पोळ्यांचा डबा घेऊन दारात उभी होती. "कधीपासून, आई?" तिने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता, मला ते जमतं.

"दादाचं ताट मीच उचलायचे," ती म्हणाली. "माझ्या दहावीच्या परीक्षेतसुद्धा. त्याला अभ्यासाला उठवून तू मला मोरीवर बसवायचीस. जाऊ दे, असंच याद आलं. वहिनी छान वाढवतेय मुलांना, सच में."

जाऊबाई बडीशेप शोधायला लागल्या. मला लाज वाटली, आणि राग आला तो तिचाच, की हे पाहुण्यांसमोर काढायचं का. मग कळलं, एकांतात काढलं असतं तर मी ऐकलंच नसतं.

आम्ही दोघी तीन वाजता जेवायला बसलो. दोघीही दमलेल्या. माझ्या मनात होतं, आज हिचं ताट मी उचलायचं. हात टेकून, गुडघे सावरत उठेपर्यंत तिने माझं ताट आपल्या ताटावर ठेवलंसुद्धा.

"राहू दे गं, मी घेते."

"बस तू. गुडघे दुखतात ना."

नातू टीव्हीपासूनच ओरडला, "आत्या, अपनी थाली अपन ही उठाते हैं! मम्मीचा रूल आहे!"

"हो का रे?" ती हसली. "तुझ्या मम्मीला सांग, मला जरा लवकर भेटायला हवी होती."

मी निदान माझी जागा पुसावी म्हणून फडकं घेऊन वाकले. तिने ती आधीच पुसली होती.