उजव्या स्पीकरची रिबन

पेणला मामाच्या गणपतीच्या कारखान्यावर एक मोठी खोली आहे. तिथे दोन स्पीकर उभे असतात, माझ्या कपाळाला लागतील एवढे उंच. खाली लाकडी खोका, त्यात एक मोठा गोल स्पीकर, आणि वर दाराच्या फळीसारखा सपाट भाग. त्या भागात जाळीमागे वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमची एक बोटभर रुंद, बारीक चुण्या पाडलेली पट्टी सोडलेली असते. तिला रिबन म्हणतात. चॉकलेटच्या चांदीपेक्षाही ती पातळ असते. दोन्ही बाजूंना लोहचुंबक, मधे ही लटकलेली, आणि गाण्यातले सगळे उंच, बारीक आवाज तिच्यातूनच येतात.

अगदी तशीच दुसरी जोडी रोह्याला आमच्या घरी आहे, बाबांची. बाबा धाटावला एका कंपनीत मीटर आणि गेज बघतात. त्यांना आणि मामाला गाण्याचं वेड सारखंच. मी नववीत असताना दोघांनी मिळून या दोन जोड्या मुंबईहून टेम्पोने आणल्या, गणपती पाठवताना घालतात तसा भोवती भाताचा पेंढा घालून.

तेव्हापासून मी दोघांची लेखनिक आहे. या मॉडेलच्या मालकांचं इंटरनेटवर एक पान आहे. जगभरातले लोक तिथे आपापली मतं लिहितात, भांडतात, एकमेकांना सल्ले देतात. सगळं इंग्रजीत. बाबा आणि मामा ते वाचतात, पण लिहायचं म्हटलं की दोघंही माझ्याकडे बघतात. मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, कुठल्याच भाषेत. पण दुसऱ्याचं मत लिहायचं असेल तर जमतं. त्यात आपण कुठे दिसत नाही.

"लिही," मामा सांगायचा, "हे स्पीकर खोटं बोलत नायत. गाणारा खोकला असंल तर खोकलाच ऐकवतात. फुलवून सांगत नायत."

"आणि खोली लहान असेल तर घेऊ नयेत, हेही लिही," बाबा म्हणायचे. "आमच्याकडे ढोलकी घुमते."

"खोली लहान नाय हो दाजी. तुम्ही त्यांना भिंतीला चिकटवून ठेवलंय, शिक्षा केलेल्या पोरांसारखं. त्यांच्या पाठीमागूनही आवाज येतो, त्याला जागा नको? जरा पुढं घ्या."

"पुढे घेतले तर तुमची बहीण मला मागे उभं करेल, मेव्हणे."

आईचं मत असं की एवढीच कपाटं घेतली असती तर त्यांत कपडे तरी राहिले असते. शेवटी बाबांनी स्पीकरांच्या मागे भिंतीवर गोधडी टांगली आणि ढोलकी बरीच सुधारली. तेही मी पानावर लिहिलं. गोधडीला इंग्रजीत काय म्हणावं यावर थोडा वेळ गेला, पण एका थंड देशातल्या गृहस्थांनी लगेच आपल्या भिंतीवर घोंगडी टांगून फोटो पाठवला. बाबा तो फोटो कंपनीत दाखवून आले. मामीचं मतही एकदा मी पाठवलं होतं: हे दोन पाहुणे आहेत, जेवत नाहीत आणि जातही नाहीत. आमच्या कुठल्याही तांत्रिक मतापेक्षा लोकांना तेच आवडलं.

मामाच्या स्पीकरांचं वर्ष मात्र आमच्यापेक्षा वेगळं असतं. पावसाळा लागला की कारखान्यात घासकाम आणि रंगाचं काम इतकं वाढतं की प्लास्टरची धूळ जिन्यावरून वर येते. तेव्हा तो स्पीकरांवर जाड चादरी टाकून सुतळीने बांधतो. मग गणपती जाईपर्यंत गाणं बंद. मामाचा स्वतःचा गणपती दीड दिवसाचा. तो गेला की दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर चादरी निघतात, आणि पहिली लागते ती आजोबांची कॅसेट.

आजोबा म्हणजे मामाचे आणि आईचे वडील. मी चार वर्षांची असताना ते गेले. कारखान्यातच त्यांची भजनी मंडळी बसायची. कुणीतरी दुबईहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर एकदा त्यांचं भजन भरून घेतलं, तेवढीच ती एक कॅसेट. आजोबा त्यात गात नाहीत. ते टाळ वाजवतात, आणि उजव्या बाजूला बसलेले आहेत. साध्या टेपवर तो टाळ नुसता छन् ऐकू यायचा. या स्पीकरांवर पहिल्यांदा लावला तेव्हा दोन कडा एकमेकींना टेकतात ते ऐकू आलं, आणि मग मागे राहिलेली थरथर, हळूहळू विरत जाणारी. मामा तेव्हा उठून उजव्या स्पीकरजवळ जाऊन उभा राहिला होता. "हां, हे बाबा," एवढंच म्हणाला. घरात आजोबांचे दोन फोटो आहेत, पण मामा फोटोंकडे फारसं बघत नाही.

यंदा मी गणपतीच्या आधीच पेणला आले होते, गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहायला. चतुर्थीच्या सकाळपर्यंत कारखाना रिकामा झाला. दीड दिवसाने मामाचा गणपती गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा उशिरापर्यंत झोपला होता, महिनाभराची झोप राहिलेली. बाबा रोह्याहून येणार होते. मला वाटलं, मामा वर येईल तेव्हा खोली स्वच्छ असावी.

कारखान्यात साफसफाई म्हणजे हवेची गन. कॉम्प्रेसरच्या लांब नळीला लावलेली, खटका दाबला की फुस्स करून हवा सोडणारी. रंग देण्याआधी मूर्तीवरची धूळ तिनेच उडवतात. टेबलं तिनेच, कामगारांचे केस तिनेच. मामी शिलाई मशीनही तिनेच साफ करते. लहानपणापासून सगळ्या सुट्ट्या मी तिथे काढल्या, त्यामुळे धूळ दिसली की माझा हात फडक्याकडे जात नाही, गनकडे जातो. मी नळी खिडकीतून वर घेतली. जमीन झाली, खुर्च्या झाल्या. मग चादरी सोडल्या. उजव्या स्पीकरच्या जाळीवर पांढरी रेघ होती. मी गन लांब धरली. निदान मला तसं वाटलं.

फट् असा लहानसा आवाज झाला.

फोनच्या उजेडात जाळीतून आत बघितलं. रिबन मधोमध एका बाजूला ढकलली जाऊन चुंबकाच्या कडेला टेकली होती. खाली ती सैल पडून तिची घडी झाली होती. रिबनवर फुंकरसुद्धा मारू नये, असं स्पीकरबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ते मीच दोघांना मराठीत वाचून दाखवलं होतं. कंपनीने हे मॉडेल केव्हाच बंद केलंय आणि रिबन कुठे मिळत नाही, हेही त्या पानावर मीच दोघांसाठी वाचलं होतं.

मी चादरी परत टाकल्या, सुतळी बांधली, नळी खाली सोडली. आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

बाबा अकराला आले. जेवायला बसलो तेव्हा मामाच्या ताटात जिताड्याचं कालवण होतं आणि आमच्या ताटात वरणभात. आमच्या घरी रोह्याला गणपती अजून बसलेला, आई त्याच्यापाशी. तेव्हा बाबांना आणि मला मासे चालणार नव्हते.

"काय दाजी, वास तरी घ्या," मामा म्हणाला. "वासाला गणपती काय बोलत नाय."

"खा, खा. काटा लागला की मग आठवण काढा माझी."

"तू का नाय जेवत गो?" मामीने मला विचारलं. "भात तसाच हाय."

मी म्हटलं, भूक नाही. मामी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

हात धुऊन मामा पलंगावर टेकला. वर जायच्या आधी पानावरचं एक काम उरकायचं होतं. कुणीतरी नवा माणूस विचारत होता: समुद्राजवळ राहतो, हवा दमट, धूळ भरपूर, जुनी जोडी मिळतेय, घ्यावी का? मालकांचा अनुभव काय?

"ह्याला आपणच सांगायला पायजे," मामा खुशीत म्हणाला. "फोन घे बाय. लिही. आम्ही खाडीपासून जवळ राहतो. खाली प्लास्टरचा कारखाना. तरी इतक्या वर्षांत एक रिबन बदलली नाय. नीट झाकून ठेवली, कुणी हात लावला नाय, तर माणसाच्या आधी हे स्पीकर जात नायत. लिहिलंस?"

मी लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फार चांगलं झालं होतं. पाठवायच्या खुणेवर अंगठा होता.

"गेलं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"नेट नाय का?" मामा.

"नेट आहे. मला हे पाठवता येणार नाही." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं, "हे खरं नाहीये, मामा. उजवी रिबन गेली. मी सकाळी गन मारली."

स्वयंपाकघरात मामीने नळ बंद केला.

"रिबनवर?" मामाने विचारलं.

"जाळीवर. पण लागली."

"तूच वाचून दाखवलं होतंस ना गो?"

"हो."

तो उठला आणि जिना चढला. मी मागे गेले, बाबाही. मामाने सुतळी सोडायला फार वेळ घेतला. मग जाळी काढली आणि बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, त्याच्या हातांकडे बघितलं. एक हात स्पीकरच्या लाकडावर होता, पाठीवर ठेवावा तसा.

"आता बाबा नाय ऐकू येनार," तो म्हणाला. माझ्याशी नाही, माझ्या बाबांशीही नाही.

बाबांच्या बॅगेत मीटर असतोच, सुट्टीच्या दिवशीही. त्यांनी त्याची एक तार रिबनच्या वरच्या टोकाला लावली, एक खालच्या. मीटर पीं करून वाजला.

"तुटलेली नाही," बाबा म्हणाले. "आतून सलग आहे. ताणलीये आणि जागा सोडलीये. खालची पकड सैल करून सरळ करता आली तर..."

"करनार कोन? हात लावला की फाटंल ती."

"मेव्हणे, दरवर्षी एवढ्या गणपतींचे डोळे कोण आखतं?"

मामाने बाबांकडे बघितलं. मग मला म्हणाला, "पंखा बंद कर. खिडक्या लाव. आणि खालून माझी बांबूची कोरणी आण, सगळ्यात पातळ असंल ती."

लोखंडाचं काही आत नेलं तर चुंबक ते हिसकावून घेतो, म्हणून बांबू. खालच्या पकडीचे स्क्रू तेवढे बाबांनी सोडवले, दोन्ही हातांनी स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून. मी बॅटरी धरली. मामा स्पीकरसमोर गुडघ्यांवर बसला आणि डोळे आखताना धरतो तसा श्वास धरून कोरणीच्या टोकाने रिबन कडेपासून सोडवायला लागला. केसभर सरकवायची, थांबायचं. तोंड बाजूला वळवून श्वास सोडायचा. परत.

मामी चहा घेऊन दारात आली.

"तिथंच उभी राहा," मामा हळूच म्हणाला. "पदराचा वारा नको."

"मी आता चालायचं पण नाय का माझ्या घरात?" मामी तितकंच हळू म्हणाली, पण हलली नाही. कप हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. चहावर साय धरली.

"बॅटरी जरा डावीकडं," मामा म्हणाला. मग, मान न वळवता, "आता हलवू नको."

"हो."

"मला सकाळी उठवायचं होतंस."

"तू झोपला होतास."

"म्हनून उठवायचं. आनि गन..." तो थांबला, केसभर सरकवलं, श्वास सोडला. "परवा मी पन टीव्ही तिनंच साफ केला. हिला विचार."

"रिमोट पन," दारातून मामी म्हणाली.

बाबांना हसू आलं आणि त्यांनी ते तोंडावर हात ठेवून दाबलं, वाऱ्याच्या भीतीने.

घडीची खूण गेली नाही. कागद एकदा दुमडला की राहते तशी ती राहिली. पण रिबन मधे आली. बाबांनी पकड आवळली, परत मीटर लावला, मान हलवली. जाळी बसवली. खिडक्या तशाच बंद होत्या, सगळे घामाने भिजलेले. मामाने कॅसेट घातली. मधली खुर्ची त्याची असते. तिथे बसलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. त्याने मला तिथे बसायला सांगितलं आणि स्वतः मागे उभा राहिला.

आधी कुणीतरी खोकलं, मग पेटी. मग डावीकडून पखवाज. मी उजव्या बाजूला कान दिला. टाळ आला. दोन कडा टेकल्या, थरथर मागे राहिली. भजन चढत गेलं तसा टाळ जोरात वाजायला लागला, आणि प्रत्येक ठोक्याला आत काहीतरी बारीक खरखरलं.

"छान येतंय की," बाबा घाईने म्हणाले. "मला तर काहीच फरक वाटत नाही."

"तुम्ही गप बसा दाजी. तुम्ही चांगलंच सांगनार." मामा माझ्या खुर्चीमागून वाकला. "तू सांग गो. तू लिहिनार हाइस ना त्या समुद्राजवळच्याला? काय लिहिशील?"

माझं मत त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. खोटं बोलावंसं मला फार वाटलं.

"आजोबा येतायत," मी म्हटलं. "पण जोरात वाजला की खरखरतं. आधी नव्हतं तसं."

मामा थोडा वेळ ऐकत राहिला. मला वाटलं, तो कॅसेट बंद करेल.

"व्हय," तो म्हणाला. "खरखरतंय." मग पुढे जाऊन त्याने आवाजाचं बटण फिरवलं, खरखर थांबेपर्यंत, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "हळू ऐकू. जरा जवळ सरका सगळे."

मामी चहाचे कप खिडकीत ठेवून आत आली. आम्ही खुर्च्या पुढे ओढल्या.