किशोर मोहोड यांचा दावा

किशोर मोहोड हे कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले, अकोल्यात राहणारे, मधुमेह नसलेले आणि रक्तदाब असलेले गृहस्थ आहेत. मुलीचं लग्न झालं, घर बांधून झालं, पेन्शनही वेळेवर सुरू झालं. आयुष्यात त्यांना आणखी एकच गोष्ट हवी होती. बीटल्स हा जगातला सगळ्यांत मोठा बँड आहे, असं त्यांच्या मित्राने, म्हणजे अमरावतीच्या अनुप खंडारेने, लिहून द्यावं आणि खाली सही करावी.

मी देवराव ढोक, मूर्तिजापूरच्या तहसिलीतला निवृत्त कारकून. किशोर माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, म्हणून यापुढे मी त्याला अरेतुरे करणार आहे. नोकरीत असताना पंचनाम्यांच्या कामातून आमची ओळख झाली, आणि त्या दोघांनी मला पंच नेमलं होतं. मला इंग्रजी गाण्यांतलं ओ की ठो कळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. त्यावर किशोर म्हणाला, "तुमाले काई समजत नाई, हेच तं पाह्यजे आमाले."

भांडणाचं मूळ अगदीच साधं आहे. १९८३ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात दोघे एका खोलीत राहायचे. आधीचा विद्यार्थी खोली सोडताना एक कॅसेट विसरून गेला. तिच्या एका बाजूला बीटल्स होते, दुसऱ्या बाजूला लेड झेपेलिन हा दुसरा विलायती बँड. किशोर शेतकऱ्याच्या घरचा, पाच वाजता उठणारा; त्याने उठून पहिली बाजू लावली. अनुप आठला उठला आणि कॅसेट उलटी करून त्याने दुसरी लावली. माणसाची मतं कशी बनतात यावर मोठमोठे ग्रंथ आहेत म्हणतात. इथे एवढंच झालं होतं.

पुढे किशोर खात्यात लागला, अनुप बँकेत शेतीकर्जाचा अधिकारी झाला. एक अकोल्यात, दुसरा अमरावतीत. मूर्तिजापूर मधोमध पडतं, आणि माझं घर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आहे. हा माझा दोष नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता दोघे माझ्या बैठकीत हजर व्हायचे, भांडायचे, आणि चारच्या सुमारास परत जायचे. किशोरच्या आग्रहावरून मी प्रत्येक बैठकीचा पंचनामा लिहायचो. नापिकीचे आणि गारपिटीचे पंचनामे लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हात बसलेला होता. एक नमुना देतो: "आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून असे ऐकतो की, मोहोड यांचे म्हणणे सदर बीटल्स यांचा खप सर्वांत जास्त आहे. खंडारे यांचे म्हणणे खप म्हणजे वजन नव्हे. चहा दोन वेळा झाला. निर्णय नाही."

माझी बायको सुभद्रा चहा आणून ठेवायची आणि दारात उभी राहून ऐकायची. एकदा तिने मला आत बोलावून विचारलं, "हे कोन लोक हायेत हो, ज्यायच्यासाठी हे दोघं भांडून राह्यले? पाहुण्यातले हायेत काय?" मी म्हटलं, विलायतेतले आहेत. ती म्हणाली, "मंग तिकडंच भांडा म्हना."

नऊ-दहा वर्षांपूर्वी किशोरने वाद कायमचा मिटवायचं ठरवलं. शेतात पीक किती झालं हे सरकार कसं ठरवतं, तर चिठ्ठी टाकून एखादं शेत निवडतात, त्यात दहा बाय पाच मीटरचा तुकडा दोरीने आखतात, तेवढंच कापून तोलतात आणि त्यावरून मंडळातल्या सगळ्या गावांचा हिशेब करतात. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. किशोरने तीस वर्षं हेच केलं होतं, आणि लोकांचा देवावर नसेल एवढा त्याचा या दोरीवर विश्वास होता. त्याने चिठ्ठ्या टाकून पाच आठवडी बाजार काढले. प्रत्येक बाजारात खुंट्या ठोकून दहा बाय पाच मीटरची जागा आखली आणि तासभर त्या जागेतून जाणाऱ्या टी-शर्टांवरच्या बँडांची नोंद घेतली. मी पंच म्हणून उन्हात उभा होतो. लोकांना वाटलं, रस्ता रुंद होतोय. दोन भाजीवाल्या माझ्याशी भांडल्या.

पाचही बाजार मिळून बीटल्सचे तीन टी-शर्ट निघाले, झेपेलिनचे दोन. लाल ओठांतून जीभ बाहेर काढलेल्या चित्राचे मात्र सदतीस निघाले. तो म्हणे तिसराच एक बँड. त्यातला एक टी-शर्ट मिरच्या घ्यायला आलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या अंगात होता. किशोरने त्याला अडवून विचारलं, "आजोबा, हे कोनाचं चित्र हाय, मालूम हाय काय?"

म्हाताऱ्याने मान खाली करून स्वतःची छाती नीट पाहिली. "डाक्टरले जीभ दाखवून राह्यलं कोनी," तो म्हणाला, आणि मिरच्या घेऊन गेला.

मी पंचनाम्यात लिहिलं, दोन्ही पक्षांचे पीक बुडाले असे दिसते. अनुप पोट धरून हसला. "अबे, खपनं अलग अन् मुरनं अलग," तो म्हणाला. "लोनच्यातलं मीठ मोजता येते काय तुले?" किशोर इतका चिडला की महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. तसेही ते महिन्यातून एकदाच बोलायचे.

गेल्या वर्षी अनुप लागोपाठ दोन रविवार आला नाही. तिसऱ्या महिन्यात त्याची मुलगी भावना त्याला कारने घेऊन आली. ती अमरावतीला वकिली करते. बाप बैठकीत बसल्यावर तिने आम्हा दोघांना अंगणात नेलं आणि सांगितलं, की आधीचे दोन्ही रविवार बाबा घरून निघाले होते. एकदा ते दर्यापूरला सापडले, एकदा बडनेरा स्टेशनच्या बाकावर. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. डोक्यातलं एकेक पुसलं जाणार आहे, आणि ते थांबवायचं औषध नाही. एकसष्टाव्या वर्षी. "काका, तुमचं नाव आहे अजून त्यांच्या तोंडात," ती किशोरला म्हणाली. "कोणतं केव्हा जाईल, ते सांगता येत नाही."

तीन आठवड्यांनी किशोरचा मला फोन आला. "देवरावभाऊ, आता घाई करा लागते. त्याले आठवते तवरक सही घेऊन टाकू. मंग राहून जाईन."

मी फोन ठेवून दिला. इतका राग मला तहसिलीत असतानाही कुणाचा आला नव्हता. मित्राचं घर जळत असताना हा माणूस उसना दिलेला पाटा-वरवंटा मागायला निघाला होता. पुढच्या रविवारी त्याला दारातूनच परत पाठवावं, असं मी सुभद्रेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "येऊ द्या. त्या दुसऱ्याले तं याचंच नाव आठवते ना."

रविवारी किशोर आला तो स्टॅम्पपेपर टाइप करूनच. बीटल्स हा जगातला सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रभावी बँड असून, मी, अनुप डोमाजी खंडारे, हे राजीखुशीने मान्य करतो, असा मजकूर होता. भावना अनुपला सोडून बाजारात गेली. किशोरने कागद त्याच्यासमोर ठेवला. अनुपने बँकेच्या सवयीने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग खिशातून पेन काढलं.

"बरोबर तं हाय हे," तो म्हणाला. "बीटल्सच मोठे. याच्यात वाद कायचा हाय?"

त्याने पेन टेकवलं. मी किशोरकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं ज्या वाक्यासाठी तो थांबला होता ते त्याला मिळालं होतं, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याने अनुपच्या पेनाखालून कागद ओढून घेतला. कागदावर निळी रेघ उमटली.

"वाद कायचा म्हंजे?" तो ओरडला. "कायच्यावरबी सही करतं काय बे? झेपेलिन काय मेले काय?"

"ते कोन?" अनुपने विचारलं.

मग किशोरने सांगायला सुरुवात केली. ते चौघे कोण होते, त्यांचा आवाज कसा होता, पुढच्या पोरांनी गिटार हातात घेतल्यावर नक्कल कुणाची केली. सगळे मुद्दे अनुपचे होते, त्याच क्रमाने, बोटाने टेबल वाजवण्याच्या जागांसकट. इतकी वर्षं त्याने यातला एकही मुद्दा मान्य केला नव्हता, पण एकही कानाआड केला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आठ दिवस मनात त्याला दिलेल्या शिव्या मी परत घेतल्या.

"पन खप तं बीटल्सचा जास्त हाय ना?" अनुप म्हणाला. तो आता खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

"खपाचं मले नको सांगू. हे आयक. यायचा ड्रमवाला मेला. दुनियेत ड्रमवाले भल्ले हायेत. कोनीबी घेता आला असता, धंदा जोरात चालून राह्यला होता. यायनं दुसरा घेतला नाई. तो नाई तं आमीबी नाई म्हने, अन् बँडच बंद केला."

अनुपने पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

"हे पटलं मले," तो म्हणाला. "कोनी सांगतलं तुले?"

"हाय एक जन. अमरावतीचा."

"हुशार दिसते."

"भल्ला हुशार हाय."

"मंग त्याले घेऊन ये ना एखाद दिवशी इथं," अनुप म्हणाला. "मले भेटाचं हाय त्याले."

"आनतो," किशोर म्हणाला. "पुढच्याच रविवारी आनतो."