चार केल्विनला खाली आलेली सुई

भूतबीत, नजर लागणं... मी यातलं काही मानत नाही हो. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांतलीच मी. आजही भीतीपोटी लिहीत नाहीये, संतापून लिहितेय — आधीच सांगून ठेवते.

मी पुण्याची, कार्डिफमध्ये एका छोट्या कंपनीत इंजिनिअर. आमच्याकडे एक हवाबंद डबा आहे, मोठ्या कुकरएवढा. आतली हवा काढायची, चार केल्विनपर्यंत — म्हणजे उणे दोनशे एकोणसत्तर डिग्री — गार करायचं आणि आतल्या चिपवर बारीक सुया टेकवून मायक्रोवेव्ह सिग्नल मोजायचा. या सुयांना प्रोब म्हणतात. बाहेरच्या नॉबने त्या वरखाली होतात. नियम एकच: गार करायच्या आधी प्रोब वर उचलायचे. थंडीत धातू आकसतो, सुई टेकलेली राहिली तर ओरखडा काढत जाते आणि चिप कामातून जाते.

मार्चमध्ये कस्टमरची एकुलती एक चिप ओरखडलेली निघाली. माझा मॅनेजर गॅरेथ सगळ्यांसमोर म्हणाला, "तू प्रोब उचलायला विसरलीस."

विसरले? गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी बाई मी! लॉगशीटवर 'प्रोब वर' याच्यापुढे माझी सही होती. तरी ऐकेना. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि त्याच व्हिसावर नवऱ्याचं काम नि लेकीची शाळा.

मी म्हटलं, "तू स्वतः उभा राहा. तुझ्यासमोर करते."

सोमवारी सकाळी आम्ही एक टाकाऊ चिप आत ठेवली. प्रोब त्यानेच उचलला, चांगला पाच मिलिमीटर. नॉबवर टेप त्यानेच लावली, वर स्वतःची सही ठोकली. मी हात मागे बांधून उभी. दुपारी अडीचला चार केल्विन आलं. डब्याच्या काचेतून आत बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे दोघंही बघत होतो...

सुई खाली यायला लागली.

धक्का नाही, थरथर नाही. अंदाज घेत घेत, अगदी मी आणते तशी. टेकायच्या आधी जराशी थांबलीसुद्धा. मग टेकली, शेजारच्या मॉनिटरवर सिग्नलची रेघ उमटली, आणि सुई चिपवर ओरखडा काढत पुढे गेली. नॉब जागचा हलला नव्हता. आकसून सुई सरकते, मान्य, पण केसभर. पाच मिलिमीटर?

गॅरेथ पार पांढराफटक. "तू काही केलंस?"

"माझे हात बघ ना, बाबा!" मी ओरडलेच.

तेवढ्यात सुई पुन्हा वर गेली. रेकॉर्डिंग लावायचं दोघांनाही सुचलं नव्हतं... कपाळ माझं! दुसऱ्या दिवशी डबा उघडला. टेप शाबूत, चिपवर ताजा ओरखडा. प्रोब बनवणाऱ्यांना विचारलं, तर हे होऊच शकत नाही म्हणाले.

मला वाटलं, सुटले. कसलं काय! शुक्रवारी गॅरेथने कस्टमरच्या चिपचा रिपोर्ट समोर ठेवला. कारण — ऑपरेटरची चूक.

"तू डोळ्यांनी बघितलंस ना?"

"मग काय लिहू? सुई आपोआप आली? तू सही कर, प्रोबेशन मी पास करतो."

आणि मी केली सही. हो, केली. घाला मला शिव्या.

पण खरी चीड पुढेच आहे. तेव्हापासून हा माणूस त्या खोलीत पाऊल टाकत नाही. दारातूनच चिप हातात देतो आणि म्हणतो, "तूच कर, तुझा हात चांगला आहे." कागदावर चूक माझी, आणि मशीनला हात लावायचा तोही मीच! भित्रा मेला!

सुई का उतरली, कशी उतरली, मला आजही माहीत नाही. त्यानंतर ती उतरलेली नाही. पण दर वेळी गार करताना मी त्या स्क्रीनसमोर एकटीच असते. उद्या ती पुन्हा उतरली तर सांगणार कुणाला? चूक माझीच असते, असं मी सही करून दिलंय.