खुर्चीवरची शाल

माझा दादा वकिलांचे काळे कोट शिवतो, आणि घरात मांजर पांढरीशुभ्र! आता याला काय म्हणावं? वहिनीने आणलेली. नाव ढमी. पण वहिनी होती तोवर कोटावर एक केस दिसेल तर शपथ. रोज सकाळी ती ढमीला गॅलरीत बारीक कंगव्याने विंचरायची. कोट शिवून झाला की दादा तो तिच्या मांडीवर आणून द्यायचा. मग ती ओला रबरी हातमोजा वरून खाली फिरवायची, म्हणजे केसांच्या गोळ्या होतात. उरलेसुरले चिकटपट्टीने टिपायची.

मग वहिनी आजारी पडली. औषधांनी तिचे लांबसडक केस झडू लागले. शाल पांघरून, ढमीला घेऊन खुर्चीत बसून राहायची. मला म्हणाली, "वन्सं, केस गाळण्यात मी ढमीला हरवणार बघा!" मी तिथे हसले आणि घरी जाऊन रडले.

ती गेली आणि दादाने कंगवा, मोजा सगळं सोडलं. दुकानातून कोट परत यायला लागले. शेवटी दुकानदाराने माझ्यादेखत सांगितलं, "मास्तर, आता एक जरी केस सापडला तरी काम बंद." चाळीस वर्षं या माणसाने दुसरं काही केलेलं नाही. काम सुटलं असतं तर त्या खुर्चीकडे बघत बसून संपला असता.

"मांजर देऊन टाक कुणालातरी," मी म्हटलं.

"तिचं नाव काढू नकोस."

"मग निदान घर तरी झाडू दे!"

"झाड. खुर्ची राहू दे."

मी ऐकेन तर ना! लहानपणापासून आगाऊ. तो अस्तराचं कापड आणायला बाहेर पडला आणि मी पदर खोचला. फरशी पुसली, ढमीला विंचरून काढलं, कोटांवर कापडी पिशव्या चढवल्या. केस कुठून येतात तेही सापडलं. दादा झालेला कोट खुर्चीवर टाकायचा, वहिनीच्या शालीवर, आणि ती शाल केसांनी नुसती भरलेली. ओल्या मोज्याने खसाखसा घासली, दोनदा धुतली, दोरीवर टाकली. निघालेला कचरा घंटागाडीत. वाचवलं बाई दादाला, असं मनात म्हणत हात धुतले.

दादा आला. दोरीकडे बघत उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"शालीवरचे केस कुठे टाकलेस?"

"गेले गाडीत. मांजराचे केस काय जपून ठेवायचे?"

"सगळे ढमीचे नव्हते गं."

मोज्याला काहीतरी लांब लांब गुंडाळलेलं मी पाहिलं होतं. शिंप्याचं घर, दोरेच असणार, म्हणून सोलून टाकले होते.

"कोट झाला की तिच्या मांडीवर द्यायची सवय," तो म्हणाला, "ती काही सुटली नाही." मग मशीनवर बसला. माझ्याशी भांडला नाही, आजवर नाही. माफी तरी कशी मागू?

ढमी अजून त्याच शालीवर बसते. ती उठली की दादा चष्मा लावून शाल उजेडात धरतो, बोटांनी चाचपतो.

परवा दुकानदार खूश होऊन म्हणाला, "मास्तर, आता शोधूनही केस सापडत नाही!"

दादा म्हणाला, "हो. मलाही नाही सापडत."