लाल नसलेली शाल

आत्यानं डाव्या हाताच्या बोटाला तीन धागे गुंडाळले, निळा, राखाडी आणि लाल. हात लांब केला, मावळतीकडे धरला आणि डोळे बारीक केले. बसस्टँडवर ही धूळ, कंडक्टर गाड्यांचे पत्रे बडवतायत, कोंबड्यांची खुराडी टपावर चढतायत, आणि ही बाई मधोमध बोट वर करून बसलेली.

"माई शुवाई, कुणावर नेम धरलाय?" न्याझुराच्या गाडीचा कंडक्टर ओरडला.

"तुझ्यावरच. सरक जरा, उजेड अडवतोयस."

ही माझी आत्या, एनेरेसी. पण आमच्या रुसापे गावात एनेरेसी म्हणून विचारलंत तर कोणी पत्ता सांगणार नाही. बाई लेकराच्या नावानं ओळखली जाते, आणि हिला एकच लेकरू, शुवाई. म्हणून ही माई शुवाई. शाळेतल्या बाकावर माझ्या पायांत मुंग्या यायच्या, म्हणून मी शाळा सोडली आणि तिच्या शेजारी उकडलेली अंडी विकायला बसले. तेव्हापासून बघतेय तिला.

नवी लोकर तिनं कधी घेतली नाही. परदेशातल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे बाजारात फुटले की बायका मापाचे स्वेटर शोधतात. आत्या माप बघायचीच नाही. शिवण ताणायची, वास घ्यायची, "हा सुटेल" म्हणायची. घरी आणून सगळा उसवायचा, धुवायचा आणि तारेवर टांगायचा. धाग्याच्या लडीला खाली दगड बांधायचा, म्हणजे जुन्या टाक्यांचे वेढे सुटून धागा सरळ होतो. संध्याकाळी आमच्या अंगणात या लडी हलायच्या. रंगीत पाऊस पडता पडता मध्येच थांबलाय आणि पुढं काय करायचं त्याला सुचत नाहीये, असं वाटायचं. मी तिथं उभी राहायचे आणि कशाला आले होते ते विसरायचे.

"रंग दुपारी निवडायचे नाहीत," ती म्हणायची. "दुपारी सगळेच ओरडतात. दिवस बुडताना बघ कोण कुणाशी कुजबुजतं ते. दोन रंग अंधारात एकच दिसायला लागले तर ते जवळ घेऊन उपयोग नाही, एकमेकांना गिळतात. दोन भांडखोर शेजारी आले तर मध्ये म्हातारा बसव."

म्हातारा म्हणजे राखाडी.

"आणि शेवटी चिमूटभर आग."

आग म्हणजे लाल. तिच्या प्रत्येक कामाला लाल काठ असायचा, एकच ओळ. गावात कुणाच्याही पलंगावर तो काठ दिसला की कळायचं, हे माई शुवाईचं. तिच्या चर्चच्या बायका गुरुवारी लाल ब्लाउज घालतात, काळा घागरा, पांढरी टोपी. लाल म्हणजे तिच्यासाठी देवाचं रक्त. तिच्या हातून ते सुटणं कठीणच.

त्या संध्याकाळी कंडक्टर सरकला, पण गेला नाही. खाली उतरला आणि एक पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली.

"परत दिलीय."

गाठसुद्धा सुटली नव्हती. आत टोपडं, मोजे, छोटं पांघरूण. सगळ्याला लाल काठ. आत्यानं शुवाईच्या बाळासाठी तिच्या सासरी पाठवलेलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

कंडक्टर मान खाजवायला लागला. "म्हणाले, आमच्या अंगणात लाल येत नाही. आणि लाल आणणारीही येत नाही."

झालं होतं असं. शुवाई एका संध्याकाळी ओबादियाबरोबर निघून गेली होती. थोरांची बैठक नाही, बोलणी नाही, काही नाही. ओबादियाचे लोक पांढऱ्या झग्यांच्या पंथाचे. झाडाखाली प्रार्थना करतात, आणि त्यांच्या मंडळीत लाल रंग निषिद्ध. आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडं होतं आणि बाळाची पहिली शाल आईच्या आईची असते. शुवाईची मुलगी सासरीच झाली. केझिया नाव ठेवलं. आत्यानं तिला पाहिलंही नव्हतं.

"अंड्यांनी हाणू त्यांना," मी म्हटलं. "कच्च्या."

"अंडी वाया घालवू नकोस," आत्या म्हणाली, आणि तिथंच बसून लाल काठ उसवायला लागली.

मग शुवाईचा फोन आला. आवाज बारीक, चोरून बोलल्यासारखा. "आई, सासूबाई म्हणतात, एकदा या. शाल आणा. बघू. पण लाल निघालं तर पुन्हा येऊ नका."

त्या दिवसापासून आमच्या घरात रंगांची बैठकच बसली. आत्यानं घरातलं सगळं लाल मला एका पोत्यात भरून पलंगाखाली ढकलायला लावलं. बाकीचे गुंडे चटईवर मांडायची, तीन उचलायची, बोटाला गुंडाळायची, बघायची, ठेवायची. विणलेला तुकडा गालाला लावायची आणि म्हणायची, "याला थंडी वाजतेय."

"पिवळा घे की," मी म्हटलं.

"पिवळा नुसता हसतो. अंगाला ऊब देत नाही."

"नारिंगी?"

"लालची मावसबहीण. दारातच अडवतील."

"गुलाबी मग."

"अगं, ते लालच. दूध प्यायलेलं."

मक्याच्या पिठाचा साद्झा गार व्हायचा ताटात. ती दारात बसून समोरच्या टेकडीकडं बघत राहायची. सप्टेंबर होता. मुसासाच्या झाडांना नवी पालवी फुटली होती आणि आमच्याकडं ती पालवी हिरवी नसते, लाल असते. टेकडीच्या टेकडी तांबूस धुरात बुडाल्यासारखी.

"याच झाडांखाली बसतात ना गं ते लोक?" आत्या म्हणाली. "या झाडाचे कपडे नाही कोणी परत पाठवले."

हे ती रागानं नाही म्हणाली. स्वप्नात बोलावं तसं म्हणाली. मला मात्र राग आला, तिच्या वाटचा.

एकदा दिवस बुडताना ती एकदम कडाडली, "तो लाल धागा कुणी टांगला? सगळं लाल काढ म्हटलं होतं ना!"

मी बाहेर बघितलं. परसातल्या भाजीच्या वाफ्यासमोर तारेवर एक लड लोंबत होती. खरंच लालसर. तापलेल्या विटेसारखी. मी जाऊन ती काढून आणली आणि तिच्या मांडीवर टाकली.

चिखलाचा रंग. ना धड तपकिरी, ना धड राखाडी. कुठल्यातरी परदेशी म्हाताऱ्याचा स्वेटर असणार. आम्ही बाजारात त्याच्याकडं कीव येऊन बघितलं होतं.

आत्या उठली. लड घेऊन वाफ्यापाशी गेली. हिरव्या पाल्यासमोर धरली, लाजून लालसर झाली. भिंतीसमोर धरली, चिखल. पुन्हा पाल्यासमोर, पुन्हा लाजली. माझ्याकडं वळून बघितलं तेव्हा तिचा चेहरा शुवाईच्या वयाचा दिसत होता.

"म्हातारा लाजतोय," ती म्हणाली. "शेजारी हिरवी बसली की लाजतोय."

पण कुठलीही हिरवी चालेना. पिवळट हिरव्याशेजारी तो मेल्यासारखा पडायचा. गवती हिरव्याशेजारी जागा व्हायचा, पण तेवढंच. शेवटी एका शाळेच्या स्वेटरातून निघालेला गर्द, निळसर हिरवा तिनं त्याच्याजवळ ठेवला, तर चिखल असा लाल पेटला की मी म्हटलं, "बास, याला आता पोलीस पकडतील." हिरव्याचा मोठा घेर आणि त्यात चिखलाच्या बारीक ओळी, अशी शाल. खूप चिखल घातला तर जादू जाते, हेही तिनं दोनदा उसवून शोधलं. पहाटेच्या गारव्यात ती क्रोशाची सुई चालवायची, साखळीचा टाका, खांबाचा टाका, पुन्हा खांब, आणि ओठ हलायचे. प्रार्थना होती की टाके मोजत होती, मी विचारलं नाही.

आम्ही निघालो. आत्यानं साधा करडा झगा घातला. न्याझुरापुढं गाडीतून उतरून मोठमोठ्या खडकांमधून चालत गेलो. त्यांचं अंगण दिसायला लागलं तेव्हा माझं माझ्याच पायांकडं लक्ष गेलं. चपलांचे पट्टे लालभडक.

"गाढवे," आत्या कुजबुजली.

"निघताना कुणी बघितलं नाही का मला?"

"निघताना तू महत्त्वाची नव्हतीस."

चपला एका खडकाच्या फटीत कोंबल्या आणि मी अनवाणी अंगणात शिरले.

ओबादियाची आई उंच, सरळ, पांढरा झगा, पांढरं डोईवस्त्र. आम्ही रीतीप्रमाणे गुडघे टेकले, हात पोकळ करून हळू टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. बाई वाईट नव्हती, एवढं मला तेव्हाच कळलं, आणि त्याचा मला त्रास झाला. शुवाई झोपडीच्या दारात उभी होती, बाळाला उराशी धरून. पुढं आली नाही. तिला सांगितलेलं असणार.

"शाल बघू," माई ओबादिया म्हणाली.

तिनं ती उघडून लांब धरली आणि तिच्या भुवया जवळ आल्या.

"यात लाल आहे."

"नाही," आत्या म्हणाली.

"मला दिसतंय."

"बोट ठेवून दाखवा."

माई ओबादियानं शाल डोळ्यांजवळ आणली. चिखलाची ओळ बोटांत चिमटीत धरली, उलटी केली, टाक्यांमध्ये नख घालून बघितलं. चिखल. पुन्हा लांब धरली. पुन्हा भुवया.

"माझ्या डोळ्यांना वेडं करतेस तू."

"डोळ्यांचं मला माहीत नाही. माझ्या सुईवर लाल चढलेलं नाही. देवाशप..."

"शपथ घेऊ नकोस. इथं शपथ चालत नाही."

"बरं. नुसतं सांगते. लाल नाही."

"मग हे काय आहे?"

आत्यानं विचार केला. "शेजार," ती म्हणाली.

माई ओबादिया ओळींवरून बोट फिरवत राहिली. शाल तशीच तिच्या हातात. मला वाटलं, आता घडी घालून परत देणार. आत्याचे हात मांडीवर पडले होते आणि बोटाला धागा नसताना धागा गुंडाळत होते.

तेवढ्यात आभाळ कडाडलं. पाऊस नाही, थेंब नाही, नुसता कोरडा गडगडाट, टेकडीच्या माथ्यावरच. आमच्याकडं वीज लालवर पडते म्हणतात. गडगडलं की घराघरात लाल वस्तू झाकतात, तो कुठल्या चर्चचा नियम नाही, तो आजी-पणजीचा आहे.

माई ओबादियानं झटक्यात शाल गोळा केली आणि स्वतःच्या पांढऱ्या झग्याखाली घातली. वरून दोन्ही हात दाबून बसली, अंड्यांवर कोंबडी बसते तशी.

मग मी बोलले. मला नाही गप्प बसता येत.

"लाल चालत नाही ना? मग वाचवताय कशाला? पडू दे की वीज."

आत्यानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. दारात शुवाईनं बाळाच्या डोक्यामागं तोंड लपवलं, रडत होती की हसत होती, कळेना. आणि आत्या माझ्या दंडाला धरूनच हळूच म्हणाली, "शाल आहे हो. त्यात लाल नाही. झाकू नका."

"आभाळाला काय माहीत?" माई ओबादिया म्हणाली. "ते पण लांबूनच बघतं."

पुन्हा गडगडलं, पण लांब. ती बसूनच राहिली. आवाज डोंगरापलीकडं गेला तेव्हा तिनं शाल बाहेर काढली, मांडीवर सरळ केली, आणि न बघताच शुवाईकडं हात केला. शुवाई आली. माई ओबादियानं बाळ शालीत गुंडाळलं, चांगलं घट्ट, कान झाकून, आणि आत्याच्या पुढं धरलं.

"धरा, विहीणबाई. मान सांभाळा."

आत्यानं केझियाला घेतलं. डोळे बारीक केले, रंग निवडताना करते तसे, आणि बघत राहिली. बाळाच्या गालावर हिरव्याचा उजेड, आणि चिखलाच्या ओळी सगळ्या जाग्या. अंगणात वारा नव्हता. मक्याच्या आंबट माहेऊचा मग माझ्या हातात कुणी दिला, मी कधी प्यायले, आठवत नाही. मुसासाची लाल पानं झाडावर तशीच होती आणि त्यांच्याबद्दल कोणी काही म्हणत नव्हतं.

परत निघालो तेव्हा खडकातून चपला काढायला मी विसरले. आत्याही विसरली.

पुढच्या वर्षी शुवाई केझियाला घेऊन रुसापेला आली तेव्हा तिनं मला एक गोष्ट सांगितली. आम्ही शाल दिली त्याच आठवड्यात झाडाखालच्या मंडळीत वडीलधाऱ्यांनी माई ओबादियाला उभं करून विचारलं होतं, आलेल्या शालीत लाल आहे का. ती सगळ्यांसमोर म्हणाली, नाही. घरी आल्यावर तिनं जेवणाचं ताट परत केलं, दुसऱ्या दिवशीही केलं. शुवाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, देवासमोर खोटं बोलले, त्याचा उपास आहे, कुणाला सांगू नकोस.