फेस थांबला नाही

स्कूटर मी बावन्नाव्या वर्षी शिकले आणि आज अडुसष्टाव्या वर्षीही चालवते. लोणावळ्याजवळच्या औंढ्याहून तुंगार्लीला तीन बंगल्यांवर स्वयंपाकाला जाते. मुलगा म्हणतो, मी सोडत जाईन. तो सोडणार म्हणजे तो उठेल तेव्हा मी निघायचं आणि तो येईल तोवर गेटवर उभं राहायचं. एकदा सुनेच्या मागं बसून गेले, तर तिनं वाटेत स्वतःची दोन कामं उरकली आणि मी रस्त्याच्या कडेला पिशव्या धरून उभी. स्कूटर गेली तर माझं काय जाईल, ते मला नीट ठाऊक होतं.

ती बंद पडली ती माझ्या चुकीनं. इंजिनातलं ऑइल मी कित्येक महिने बघितलं नव्हतं. तुंगार्लीच्या तलावाकडच्या चढावर इंजिन कण्हलं आणि थांबलं. किक खाली जाईना. टेम्पोत घालून आमच्याच गावच्या मेकॅनिककडं नेली. त्याचं गॅरेज लोणावळ्याच्या रस्त्याला आहे.

त्यानं इंजिन उघडलं. पिस्टन एका अंगानं खरवडला होता आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलेंडरच्या आतल्या भिंतीला चार ठिकाणी चिकटलं होतं.

"पिस्टन गेला, मावशी," तो म्हणाला. "सिलेंडर बोर करून, म्हंजी आतून कापून रुंद करून आणतो आन् एक साइज मोठा पिस्टन टाकतो."

"आधी मी दुकानात इचारते. मी येस्तोवर सिलेंडरला हात लावू नको."

"त्यात काय इचारायचं? पंधरा वर्सं हेच करतोय."

"मग आणखी दोन तासांनी काय बिघडत न्हाई."

पिस्टन पिशवीत घालून मी लोणावळ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं पिस्टनवरचा नंबर वाचला आणि सांगितलं, "बाई, हा सिलेंडर प्लेटिंगचा आहे. आत पातळ, कडक थर असतो. बोर केला की तो थर जातो आणि खाली मऊ ॲल्युमिनियम उघडं पडतं. म्हणून याला मोठा पिस्टन कंपनी काढतच नाही. थर शाबूत असेल तर चिकटलेला माल ॲसिडनं काढा आणि याच साइजचा नवा बसवा. घासायचा दगड लावू देऊ नका."

मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी चौथी शिकले, पण अकरा वर्षं प्लेटिंगच्या शेडमध्ये काम केलं आहे. नळांवर, दाराच्या मुठींवर चकाकी चढवायचो. थर किती पातळ असतो आणि एकदा फाटला की खालचा धातू कसा उघडा पडतो, हे मी रोज बघत होते. माल बाद झाला की साहेब पुरुषांना कारण विचारायचा आणि आम्हा बायकांना नुसता ओरडायचा. ॲसिडच्या टाकीत हात आमचे जायचे.

दुकानातूनच मेकॅनिकला फोन केला. बोर करू नको, दगड लावू नको, खरवडू नको, या तिन्ही गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, "व्हय व्हय, मावशी." नवा पिस्टन घेतला, किराणा दुकानातून संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेतली आणि टमटमनं परत आले.

सिलेंडर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आतून तेल फासलेलं.

"हात लावलास का?"

"नुसता पुसलाय."

माझ्या हातातली बाटली बघून बाकावर बसलेला रिक्षावाला म्हणाला, "मावशी, गॅरेजचा संडास धुवायला आलात काय?"

"तुजं तोंड आधी धुते," मी म्हणाले. मेकॅनिक हसला. तेव्हा त्याला हसू येत होतं.

मी तेल साबणानं धुवून काढलं. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, काडीला कापूस लावला आणि चिकटलेल्या मालावर ॲसिड टेकवलं. ॲल्युमिनियमला ॲसिड लागलं की ते फसफसतं. शेडमध्ये ॲल्युमिनियमची एखादी मूठ चुकून टाकीत पडली तर दूध उतू जावं तसा फेस यायचा. इथंही आला. पुसायचं, पाण्यानं धुवायचं, पुन्हा लावायचं. चिकटलेलं ॲल्युमिनियम संपलं की फेस थांबतो, कारण खालच्या थराला ॲसिड काही करत नाही. तीन जागी तसंच झालं. खाली राखाडी थर अगदी शाबूत होता. नखाला काही लागेना.

चौथ्या जागी, वरच्या कडेजवळ, फेस थांबला नाही. धुतलं, पुन्हा लावलं, पुन्हा फेस. मी लगेच हात आवरला, भरपूर पाण्यानं धुतलं आणि सिलेंडर उजेडाला धरला. थराचा नखाएवढा तुकडा उडाला होता. त्याच्या भोवती तिरके ताजे ओरखडे. आत पांढरं ॲल्युमिनियम चमकत होतं.

"ह्ये कुणी केलं?"

तो पान्हे पुसत राहिला.

"मी इचारते तुला."

"जरासा छिन्नीनं टवका काढला," तो म्हणाला. "मग ड्रिलला दगड लावून एकदाच फिरवला. दुसरी जागा सुरू करणार, तवर तुमचा फोन आला."

"मग फोनवर का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कशाला डोक्याला ताप घेताय? बसवून देतो. पळंल की."

"किती दिस?"

"आता ते कसं सांगणार?"

मला इतका राग आला की हातातला सिलेंडर आधी बाजूला ठेवला. चूक कुणाचीही होते. माझीही झाली होती, ऑइलची. पण यानं तेल फासून झाकलं आणि तोंडावर खोटं बोलला. मी नुसती बघून गेले असते तर तसंच बसवून दिलं असतं, आणि पुढच्या चढावर इंजिन जाम झालं की म्हणाला असता, मावशीला चालवता येत नाही.

मी दुकानदाराला फोन लावला आणि मेकॅनिकच्या कानाशी धरला. पलीकडून तीच वाक्यं आली, जी मी तासाभरापूर्वी सांगितली होती. हा उभा राहून ऐकत होता. "हो शेठ. बरोबर शेठ. माझ्या ध्यानात नाही आलं शेठ." माझ्या तोंडून तेच ऐकताना त्याला व्हय व्हय एवढंच सुचलं होतं.

रिक्षावाला आता म्हणाला, "मावशींचं ऐकायचं होतंस रे."

"तू गप बस," मी त्याला सांगितलं. "तू मगाशी माझी थट्टा करत होतास."

नवा सिलेंडर त्यानं पुण्याहून मागवला, स्वतःच्या खर्चानं. त्यावर मी वाद होऊ दिला नाही. यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी मुलाच्या मागं बसले, गेटवर उभी राहिले, एका बंगल्यावर दोनदा उशिरा पोचले आणि तिथल्या बाईचं ऐकून घेतलं. त्या नऊ दिवसांचं त्याच्याकडून काय वसूल करणार?

बसवताना मी समोर स्टूल टाकून बसले. सिलेंडरला त्यानं दगड लावला नाही. पिस्टनच्या रिंगा नीट चढवल्या, ऑइल भरलं, इंजिन पहिल्या किकला चालू झालं. तो म्हणाला, "पयले पाचशे किलोमीटर दमानं चालवा. राग गेला न्हवं?"

"न्हाई."

"बरं, पण गावात कुणाला सांगू नका, मावशी. धंदा हाय माझा."

मी स्कूटरवर बसले आणि निघाले. त्याचं नाव इथं लिहिलेलं नाही, एवढंच त्याच्यासाठी केलं आहे.