बायकोच्या डोक्याच्या सावल्या

माणसाला हसवायचं म्हटलं तर अळणावरपासून हुबळीपर्यंत माझ्या तोडीचा गडी नाही. त्याचा पुरावा म्हणून दाखवण्यासारखी एकच वस्तू होती, बायकोच्या डोक्याचा बिघडलेला सीटी स्कॅन, आणि तोही दवाखान्यातल्या लोकांनी पुसून टाकला.

मी हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचे गठ्ठे उचलतो. शाळेत गेलो तो एकदाच, गणवेशाचं कापड पोचवायला. बायको नळापाशी घसरून डोक्यावर पडली, तेव्हा पहिलं काय केलं असेल तर थट्टा. म्हटलं, फरशी फुटली काय बघ आधी. ती उठली, भाकरीसुद्धा केली. पण पुढं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, आणि बोलता बोलता शब्द सापडेना. मिठाला "ते पांढरं" म्हणायला लागली. तिथं थट्टा सोडून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साकळलंय काय ते बघायला पाहिजे, आजच.

स्कॅनच्या खोलीत एक मोठं चक्र, मध्ये भोक, आणि त्यात सरकणारी फळी. मशीन चालवणारी बाई म्हणाली, "धातूचं सगळं काढा, अक्का." कानातलं, केसातल्या पिना माझ्या खिशात आल्या. मंगळसूत्रापाशी बायको अडली. लग्नापासून ते गळ्यातून उतरलं नव्हतं.

"खाली ठेवायचं नाही," ती मला म्हणाली. "टेबलावर नाही, खिशात नाही. गळ्यातलं गळ्यातच राहू दे."

"कुणाच्या?"

ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. मी डोकं वाकवलं आणि ते माझ्या गळ्यात घालून घेतलं. मणी अजून गरम होते.

फळीवर झोपल्यावर ती माझा हात सोडेना. मग मशीनवाल्या बाईनं मला शिशाचा जड एप्रन बांधला आणि फळीच्या पायथ्याशी उभं केलं. "मामा, तुम्ही बोलायचं नाही. अक्का, अलुगाडब्याडरी, जरापण हलायचं नाही." आणि दार लावून काचेपलीकडं गेली.

खरं सांगतो, मी थट्टा करत नव्हतो. जन्मात पहिल्यांदा गप्प उभा होतो आणि मनात देवाशी बोलत होतो. चक्र घुमायला लागलं. तेवढ्यात बायकोनं डोळे तिरके करून पायाकडं बघितलं. तिथं मिशावाला हमाल, अंगावर खाटकासारखा एप्रन, त्यावर लोंबणारं मंगळसूत्र. हसू दाबता दाबता आधी तिचं पोट हललं. मग पट्ट्यात बांधलेलं डोकंसुद्धा हलायला लागलं.

बाईनं मला काचेपलीकडं बोलावलं. पडद्यावर दोन कवट्या होत्या, एकातून दुसरी घसरून बाहेर आलेली, आणि सगळीकडं तडे गेल्यासारख्या पांढऱ्या रेघा. मी भिंत धरली.

"फुटलंय काय ओ?"

"फुटलं नाही, हललंय. हा फोटो नव्हे, मामा. आत एक्स-रेचा दिवा डोक्याभोवती गरगर फिरतो. प्रत्येक बाजूनं किती पार गेलं, किती आत अडलं, तेवढंच मोजतो. आमच्याकडं येतात ते नुसते आकडे. एका बाजूच्या सावलीवरून आत काय आहे ते कळत नाही. कॉम्प्युटर सगळ्या बाजूंच्या सावल्या जुळवतो आणि हिशेब करतो, कुठं किती घट्ट काय असलं तर अशा सावल्या पडतील. मध्येच डोकं हललं की जुळणार कसं?"

हे मात्र मला कळलं. बैल घेताना आम्हीपण चारी बाजूंनी फिरून बघतो. मध्येच बैल वळला तर याचं शिंग, त्याची शेपटी, असा तिसराच बैल डोक्यात उभा राहतो.

दुसऱ्या वेळी मी मंगळसूत्र एप्रनच्या आत घातलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. मागं मशीन घुमत होतं. ती हसते काय, एवढंच ऐकत होतो. हसली नाही, तर त्याचीपण भीती वाटली.

आता एकच कवटी आली, गोल, पांढरीफेक. आत सगळा राखाडी गोळा. बाईनं माऊस ओढला, म्हणाली, "आकडे तेच, आता मेंदूपुरतंच उजळते," आणि त्या राखेतून वळ्या वळ्या दिसायला लागल्या. इतकी वर्षं जिच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं नव्हतं, तिचं डोकं माझ्यासमोर उघडं. कडेला एक पांढरट चिमटी होती.

"हे काय?"

"डॉक्टर सांगतील." तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

रक्तच होतं. थोडं होतं. डॉक्टर म्हणाले, वाढलं नाही तर आपोआप विरेल. ठेवून घेतलं, पुन्हा स्कॅन केला, तेव्हा मी बाहेरच बसलो. चिमटी फिकट झाली होती.

घरी आल्यावर एक दिवस वाढता वाढता ती म्हणाली, "मीठ घ्या." माझा घास तिथंच थांबला. डोळ्यात पाणी यायला लागलं, म्हणून लगेच बढाई मारली, "बघ, मरणाच्या दारातपण तुला हसवणारा नवरा मिळालाय."

ती भाकरी मोडत म्हणाली, "इतकी वर्षं बडबड केलासा, एकदा हसू आलं नाही. त्या दिवशी तोंड मिटून उभारलासा, म्हणून आलं."